वरणाआधीचे चार प्रश्न

प्रस्तावना

तुरीचं वरण मराठवाड्याच्या घरांत रोज होतं, म्हणूनच त्याचा विचार फारसा होत नाही. पुरण कोणाच्या हातचं चांगलं, येसर कोणत्या घरचा झणझणीत, हुलग्याच्या शेंगोळ्यांना लसूण किती, यावर माणसं तासन् तास बोलतील. वरणाबद्दल विचारणा एवढीच: शिजलं का? आणि कधीकधी ते शिजलेलं नसतं. एकाच पोत्यातली डाळ एका घरी तीन शिट्ट्यांत गळून जाते, चार गल्ल्या सोडून दुसऱ्या घरी सहा शिट्ट्यांनंतरही दाताखाली लागते. मग दोष आधी करणारीला, नंतर कुकरच्या रिंगेला आणि शेवटी दुकानदाराला लागतो. खरं कारण बहुतेकदा या तिघांच्या पलीकडे असतं: वाणात, गिरणीत, साठवणीत, नाहीतर बोअरच्या पाण्यात.

घरच्या चुलीच्या अंगाने डाळींचा अभ्यास करू पाहणाऱ्यांसाठी हे पुस्तक आहे. त्यात कृती आहेत, पण कृतींच्या आधी ओळख आहे. कोणतीही डाळ हाती आली की तिला चार प्रश्न विचारावेत, असं माझं म्हणणं आहे. दाणा कोणता? त्याच्यावर काय काय झालं आहे? तो किती जुना? आणि तो कोणत्या पाण्यात शिजणार? उत्तरं ठाऊक असली तर कृती पाठ करावी लागत नाही. ठाऊक नसली तर पाठ केलेली कृतीही दगा देते.

हा अभ्यास हिंगोलीत बसून करण्याला कारण आहे. १ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळा झालेला हा जिल्हा पाच तालुक्यांचा: हिंगोली, कळमनुरी, वसमत, सेनगाव आणि औंढा नागनाथ. कयाधू, पूर्णा आणि पैनगंगा या त्याच्या नद्या. वसमतकडे कालव्याचं पाणी आणि हळदीचे मळे, तर इतरत्र बरीच शेती पावसावर आणि विहीर-बोअरवर. वरणात पडणारी हळदीची चिमूट इथलीच. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. खरिपात नजर जाईल तिथवर सोयाबीन, त्यात ठराविक ओळींनंतर तुरीचं एखादं तास, आणि रब्बीत हरभरा. म्हणजे बाराही महिने शेंगवर्गीय पिकांत वावरणारा हा मुलूख आहे. तरीही त्यातलं सर्वांत मोठं पीक ताटात जवळजवळ येतच नाही. सोयाबीन मोंढ्यावरून तेलाच्या कारखान्यात जातं. त्याच्या पसाऱ्यात मूग-उडदाची शिवारं आकसली. तूर क्विंटलने मोंढ्यावर जाते आणि डाळ किलोच्या पुड्यात घरी येते, बहुधा लातूर, अकोला किंवा जळगावच्या गिरणीतून. पीक दारात आणि डाळ परकी, अशी ही अवस्था आहे. डाळीबद्दलचं घरातलं शहाणपण विरळ होत गेलं त्याचं मोठं कारण हेच.

पहिला प्रश्न दाण्याचा. आपली कडधान्यं दोन वाटांनी आली. तूर, मूग, उडीद, मटकी, हुलगा ही इथलीच. तुरीचा सर्वांत जवळचा रानटी भाऊबंद आजही बस्तर-ओडिशाच्या जंगलपट्ट्यात सापडतो. हरभरा, मसूर, वाटाणा आणि लाख ही पश्चिम आशियातून आलेली. हरभऱ्याचं मूळ आजच्या तुर्कस्तानच्या आग्नेय भागात शोधलं जातं. खरीप आणि रब्बी ही विभागणीही याच इतिहासाशी जुळते. मोसमी पावसाच्या देशातली पिकं आपण पावसाळ्यात पेरतो आणि हिवाळी पावसाच्या देशातून आलेली थंडीत. दोन्ही वाटा फार पूर्वीच एकत्र आल्या. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ पासून केलेल्या इनामगावच्या उत्खननात तीन हजार वर्षांपूर्वीचे जळालेले दाणे मिळाले. त्यांत परदेशी मसूर होती आणि देशी हुलगाही होता.

ऋतूचा हिशेब स्वयंपाकालाही लागू पडतो. मूग आणि उडीद सत्तरेक दिवसांत तयार होतात. पोळ्याच्या आसपास शेंगा तोडायला येतात. तूर पाच-साडेपाच महिने शेतात उभी राहते. मार्गशीर्ष-पौषात तिचे हिरवे सोले निघतात आणि काही आठवडे घरोघरी सोल्यांची आमटी होते. हरभरा काळ्या रानात मुरलेल्या ओलीवर आणि दवावर वाढतो. त्याच्या पानांवर आंबट द्रव साठतो. रात्री पिकावर पातळ कापड अंथरून सकाळी ते पिळून ही आंब गोळा करत असत.

तुरीच्या वाणांची नावं शेतकऱ्याच्या तोंडी असतात, स्वयंपाकघरात मात्र पोचत नाहीत. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाची स्थापना १९७२ ची. त्याच्या बदनापूर येथील संशोधन केंद्राने तुरीवर दीर्घकाळ काम केलं आहे. बीएसएमआर ७३६ आणि बीडीएन ७१६ हे लाल दाण्याचे वाण, तर बीएसएमआर ८५३ आणि बीडीएन ७११ हे पांढऱ्या दाण्याचे. मर आणि वांझ हे तुरीचे दोन मोठे रोग. त्यांना तोंड देणं हा या कामाचा मुख्य हेतू. शिजवणाऱ्याने लक्षात ठेवायचं ते इतकंच, की लाल-पांढरा हा फरक सालीचा आहे. भरडल्यावर दोन्हींची डाळ पिवळीच निघते.

दुसरा प्रश्न डाळीवर झालेल्या संस्कारांचा. हरभऱ्याची साल तुलनेने सहज सुटते; तुरीची साल डिंकासारख्या थराने आतल्या दलाला घट्ट चिकटलेली असते. म्हणून तुरीची डाळ करणं हे सगळ्यांत कष्टाचं. घरी तूर भिजवून, काही ठिकाणी लाल मातीचा हात देऊन, उन्हात कडक वाळवत आणि मग जात्यावर भरडत. नंतर पाखडणं, पुन्हा भरडणं, उरलेली चुणी जनावरांना. गिरणीत तत्त्व तेच असतं: दाण्याला ओरखडे पाडून तेल-पाणी मुरवायचं, वाळवायचं, मग साल काढून दाणा फोडायचा. शंभर किलो तुरीतून साधारण सत्तर ते पंचाहत्तर किलो डाळ हाती येते. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची पीकेव्ही मिनी दाल मिल आल्यापासून गावपातळीवर, बचत गटांतही हे काम होऊ लागलं. जात्याइतके कष्ट नाहीत आणि डाळ कोणत्या शेतातली हेही माहीत, असा तिचा दुहेरी फायदा.

संस्काराचा परिणाम थेट भांड्यात दिसतो. पाण्यात भिजवून, माती लावून केलेल्या डाळीला शिजायला सहसा जास्त वेळ लागतो. तेलाचा हात देऊन कोरड्या पद्धतीने केलेली लवकर मऊ होते. दुकानातली चकाकी ही मात्र निव्वळ पॉलिशची असते. ती पाण्याची, तेलाची किंवा शंखजिऱ्याच्या पुडीची असू शकते, आणि डाळ शिजेल की नाही याबद्दल ती काहीच सांगत नाही. बिनपॉलिशची डाळ थोडी निस्तेज, हाताला किंचित पिठूळ लागणारी असते. अतिपिवळ्या डाळीबद्दल शंका घ्यावी. मेटॅनिल यलोसारखा बंदी असलेला रंग तिच्यात असू शकतो. तूरडाळीत चौकोनी, एका बाजूला उतरते दाणे दिसले तर ती लाखेच्या डाळीची भेसळ समजावी. लाख सतत आणि मुख्य अन्न म्हणून खाल्ली तर पाय लुळे पडण्याचा आजार होऊ शकतो, म्हणून ही ओळख निव्वळ चोखंदळपणाची बाब नाही.

तिसरा प्रश्न वयाचा. नवी तूर पौष-माघात मोंढ्यावर येते. तिची डाळ आणि एक पावसाळा काढलेली डाळ यांना एकच वेळ लावणं चूक आहे. उष्ण, दमट जागी दाणे पडून राहिले की त्यातलं फायटिक आम्ल मोडतं. त्याने धरून ठेवलेलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मोकळं होऊन पेशींना जोडणाऱ्या पेक्टिनला घट्ट बांधतं. मग पाणी आत शिरलं तरी पेशी एकमेकींपासून सुटत नाहीत. डाळ फुगते, पण गळत नाही. जुनी डाळ घ्यावीच लागली तर ती जास्त वेळ भिजवावी. कडधान्याचा भुंगेरा गुळगुळीत अखंड दाण्यावर अंडी घालतो; फोडलेल्या, साल काढलेल्या डाळीत त्याचं फारसं जमत नाही. उन्हाळ्यात वर्षाची डाळ करून, तेलाचा हात लावून, कडुनिंबाचा पाला घालून ती भरून ठेवण्याच्या जुन्या रीतीत साठवणीचं शास्त्र होतं ते असं.

चौथा प्रश्न पाण्याचा, आणि इथल्या बहुतेक न शिजणाऱ्या वरणांचं उत्तर त्यात आहे. बोअरचं पाणी जड असतं, म्हणजे त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त असतात. जुन्या डाळीत जे आतून घडतं, तेच हे क्षार बाहेरून घडवतात. धरणाचं नळाचं पाणी सहसा हलकं असतं. पावसाचं त्याहून हलकं. जड पाण्याशिवाय इलाज नसेल तर ते आधी उकळून, निवळून, वरचं पाणी घ्यावं. काही क्षार तळाशी बसतात. चिमूटभर सोड्याने डाळ पटकन मऊ होते खरी, पण चव साबणासारखी होते आणि ब१ जीवनसत्त्वाचा नाश होतो. मिठाला मात्र उगाच बदनाम केलं गेलं आहे. मिठाच्या पाण्यात भिजवलेलं कडधान्य उलट लवकर शिजतं.

खरा अडथळा आंबटाचा. आम्लात पेक्टिन घट्ट राहतं, म्हणून चिंच, टोमॅटो, आमसूल हे डाळ पूर्ण शिजल्यावरच घालायचं. ही गोष्ट प्रयोगशाळेने सांगण्याची वाट आपल्या आज्यांनी पाहिली नाही. अंबाडीच्या भाजीची रीत बघा: पाला वेगळा उकडून पिळायचा, तूरडाळ आणि ज्वारीच्या कण्या वेगळ्या शिजवायच्या, मग सगळं एकत्र घोटून वरून लसणाची फोडणी. एकाच भांड्यात घातलं तर डाळ अंबाडीच्या आंबटाने अडून बसते. रीतीमागचं कारण कुणी लिहून ठेवलं नाही, रीत मात्र शाबूत राहिली.

आता डाळींच्या स्वभावाकडे येऊ. तूर ही विरघळणारी डाळ. अर्धा तास भिजवून, तिप्पट पाणी, हळद, हिंग आणि तेलाचे दोन थेंब घालून ती शिजवावी. तेलाने फेस कमी येतो आणि कुकरची शिट्टी तुंबत नाही. उतरवल्यावर रवीने घोटली की साधं वरण तयार. त्यावर तूप आणि लिंबू. वरणफळं, आमटी, फोडणीचं वरण हे तिचे पुढचे अवतार.

मूगडाळ सर्वांत सोशीक. भिजवायची गरज नाही, कुकरचीही नाही. उघड्या पातेल्यात वीस-पंचवीस मिनिटांत होते. खिचडीसाठी कोरडी भाजून घेतली तर दाणा सुटा राहतो आणि वास खुलतो. उन्हाळ्यात तिचेच सांडगे घालतात आणि पावसाळ्यात भाजी नसेल त्या दिवशी ते कामाला येतात.

उडीद चिकट, आणि तोच त्याचा गुण. त्यातले बुळबुळीत घटक हवा धरून ठेवतात, म्हणून वाटून फेटलेल्या पिठाचे वडे हलके होतात; तोच चिकटपणा पापडखाराच्या जोडीने पापड पातळ लाटू देतो. सालासकट उडदाचं घुटं करायचं तर आच मंद हवी आणि हाताशी वेळ हवा.

हरभऱ्याची डाळ आकार सोडत नाही. तिच्याकडून वरणाची अपेक्षा करू नये. डाळकांदा करावा, तिथे शिजलेली पण अख्खी डाळच हवी असते. पुरणासाठी ती बोटाने चेपली जाईल इतकी मऊ हवी, पण पाणी धरलेली नको. म्हणून कट काढतात आणि त्या कटाची आमटी पुरणपोळीशेजारी बसते. तिच्या पिठाचा संसार तर वेगळाच: पिठलं, झुणका आणि तेल लावलेल्या ताटात थापून रश्शात सोडलेल्या पाटवड्या. शिजल्यावरही तिच्या पेशी बऱ्याच अंशी अभंग राहतात, म्हणून पिष्ट सावकाश पचतं आणि रक्तातली साखर हळू चढते. मधुमेह असलेल्या घरांनी हे ध्यानात ठेवावं.

मसूर इथे परकी. ती मध्य प्रदेश-उत्तर प्रदेशातून, शिवाय कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातूनही येते. साल काढलेली मसूरडाळ पंधरा मिनिटांत शिजते आणि शिजताना आपला केशरी रंग सोडून पिवळी होते. सांगली-साताऱ्याकडे अख्ख्या मसुरीचा मान मोठा. आपल्याकडे तिने अजून तेवढं घर केलेलं नाही. उलट हुलगा आणि मटकी ही कोरडवाहू रानाची पिकं. हुलगा रात्रभर भिजवला तरी कुकर मागतो. म्हणून त्याचं पीठ करून शेंगोळे आणि माडगं करणं सोयीचं ठरलं. मटकीला मोड आणावेत. मोड येताना पोटात वायू धरणाऱ्या साखरा कमी होतात आणि शिजायचा वेळही.

ताटाचा विचार केल्याशिवाय डाळीचा विचार पुरा होत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या तक्त्यांनुसार शंभर ग्रॅम कच्च्या तूरडाळीत २२.३, मूगडाळीत २४.५, उडीदडाळीत २४, हरभरा डाळीत २०.८ आणि मसुरीत २५.१ ग्रॅम प्रथिनं असतात. आकडे एकमेकांच्या जवळ आहेत. प्रथिनांसाठी अमुकच डाळ हवी हा आग्रह त्यामुळे टिकत नाही. महत्त्वाची आहे ती जोडी. ज्वारीत लायसिन कमी, डाळीत भरपूर. डाळीत गंधकयुक्त अमिनो आम्लं कमी, ती ज्वारीत बरी. भाकरी आणि वरण एकमेकांची उणीव भरून काढतात. वरणावर पिळलेलं लिंबू त्यातलं लोह अंगी लागायला मदत करतं.

अनेक डाळी ओळखण्याला खिशाचंही कारण आहे. २०१५ मध्ये तूरडाळ किरकोळ बाजारात किलोला दोनशे रुपयांच्या वर गेली. पुढच्याच हंगामात विक्रमी पीक आलं, भाव कोसळले, आणि २०१७ च्या वसंतात मराठवाड्यातले शेतकरी बारदान्याच्या टंचाईमुळे खरेदी केंद्रांपुढे रांगा लावून थांबले. २०२५-२६ साठी तुरीचा हमीभाव क्विंटलला ८,००० रुपये ठरला आहे, पण मोंढ्यावरचा भाव त्यावर ठरत नाही; मोझांबिक आणि म्यानमारमधून येणारी तूरही त्याला खालीवर करते. जे स्वयंपाकघर फक्त तूर ओळखतं, ते या हेलकाव्यांपुढे हतबल होतं. मूग, मसूर, मटकी, हुलगा ज्याच्या सवयीचे आहेत त्याला पर्याय सुचतो.

या विषयावर पूर्वी लिहिलं गेलं नाही असं नाही. कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वराने बाराव्या शतकात लिहिलेल्या 'मानसोल्लासा'त डाळींच्या पदार्थांची वर्णनं आहेत. सतराव्या शतकातलं रघुनाथाचं 'भोजनकुतूहल' धान्यांचे गुणदोष मांडतं. लक्ष्मीबाई धुरंधरांचं 'गृहिणी-मित्र' विसाव्या शतकाच्या आरंभीचं, कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' १९७० चं. दोन्हींनी घरोघरच्या पिढ्या घडवल्या. दुसऱ्या बाजूला म्हैसूरची केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था, पाटनचेरूचं इक्रिसॅट, परभणी आणि अकोल्याची विद्यापीठं यांनी डाळींचं शास्त्र उभं केलं. पण हे दोन प्रवाह क्वचितच भेटतात. पाककृतीचं पुस्तक 'डाळ मऊ शिजवून घ्यावी' म्हणून पुढे जातं. ती का शिजत नाही हे सांगत नाही. प्रयोगशाळा शिजण्याचा वेळ मिनिटांत मोजते, पण बहुधा ऊर्ध्वपातित पाण्यात, आणि सेनगावच्या बोअरला ते पाणी येत नाही. मधली जागा आजवर तोंडी शहाणपणाने भरून काढली, आणि ते बहुतांशी बायकांचं. ते लिहून काढणं आणि शास्त्राशी ताडून पाहणं हे या क्षेत्राचं खरं काम आहे, असं मला वाटतं.

पुस्तकाची रचना त्या कामाला धरून आहे. पहिल्या भागात दाणा आणि रान, दुसऱ्यात जातं आणि गिरणी, तिसऱ्यात साठवण, चौथ्यात पाणी, आच आणि आंबट. पाचवा भाग डाळवार आहे. तिथे कृती येतात, आणि प्रत्येक कृतीशेजारी ती कोणत्या डाळीने, कोणत्या पाण्यात करून पाहिली हे दिलं आहे. सणांच्या नैवेद्यांवर स्वतंत्र प्रकरण केलेलं नाही. पुरण, वडे, सांडगे हे पदार्थ आपापल्या डाळीखालीच येतील. ज्यांना फक्त स्वयंपाक करायचा आहे त्यांनी चौथ्या भागापासून सुरुवात केली तरी चालेल. शेती ठाऊक असलेल्यांनी पहिला भाग चाळून पुढे जावं, आणि चुकीचं काही आढळलं तर कळवावं.

सुरुवात मात्र वाचनाने करू नका. एकाच पुड्यातली तूरडाळ दोन वाट्यांत घ्या. एकीत बोअरचं पाणी, दुसरीत नळाचं किंवा साठवलेलं पावसाचं. दोन्ही वाट्या एकाच कुकरमध्ये, तितक्याच शिट्ट्यांवर शिजवा आणि बोटाने चेपून पाहा. मग डाळ कोणती, कोणत्या महिन्यात घेतली, पाणी कुठलं, शिट्ट्या किती, हे वहीत लिहा. अशा वह्या पाचही तालुक्यांतून जमल्या तर कोणत्या गावाच्या पाण्याला कोणती डाळ मानवते याचा नकाशा काढता येईल, आणि तो काढायला कुठल्याही संस्थेची परवानगी लागणार नाही.